खुंटीवरचा कोट

शिवणबाईला एक सवत होती आणि ती गावाबाहेरच्या तबेल्यात राहायची. चार पायांची, बदामी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. नवरा तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचा. लग्नाच्या बायकोला उभ्या जन्मात ‘अगं ए’च्या पुढे हाक नाही, आणि घोडीला बाईसाहेब. कुठल्या बाईला रुचेल?

नवरा बसचा ड्रायव्हर होता. त्याच्या रस्त्यावर एका दूधवाल्याची गाडी असायची आणि ती ओढायला ही घोडी. रोज सकाळी बस हळू करून तो तिच्याकडे बघून भोंगा वाजवायचा. मग दूधवाल्याने मोटार घेतली आणि घोडी काढायची म्हणाला. ड्रायव्हरने ती घेतली, गावाबाहेर आक्का म्हणून एक बाई तबेला चालवायची तिथे ठेवली, आणि मग घरी येऊन सांगितलं. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोड्यामागून बायकोला खबर.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ड्युटी संपली की हा तबेल्यात. खरारा करायचा, खूर साफ करायचे, खायला घालायचं, आणि काय काय बोलत बसायचं. घरी मात्र मुखस्तंभ. परत आला की त्याच्या अंगाला गवताचा, घामाचा, चामड्याचा असा एक वास असायचा. शिवणबाईने दाराशी एक टब ठेवला होता. "तिथेच काढा कपडे. सवतीचा वास घरात नको." तो हसायचा आणि निमूट कपडे टबात टाकायचा. इतकी वर्षं हेच चाललं. ती स्वतः तबेल्यात कधी गेली नाही. सवतीच्या दारात कोण जातं?

मग एका सकाळी बूट घालायला खुर्चीत बसला तो उठलाच नाही. एक बूट पायात, एक हातात.

दुःख झालं की कुणी देवाला धरतं, कुणी माणसांना. शिवणबाईने साबण धरला. पडदे धुतले, चादरी धुतल्या, त्याचे सदरे धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले. कपाटं पुसली, भिंतीसुद्धा पुसल्या. घर इतकं स्वच्छ झालं की त्यात कुणी राहत होतं असं वाटेना. एकच वस्तू तिने धुतली नाही, ती म्हणजे त्याच्या उशीचा अभ्रा, कडेला तिनेच कधीकाळी निळी फुलं भरलेला. रात्री ती आपली उशी सोडून त्या उशीवर तोंड ठेवायची, तेव्हा कुठे डोळा लागायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या लेकीलाही नाही.

खिडकीशी तिचं मशीन. लोक कपडे सैल करायला, आखूड करायला यायचे. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारं बोलणं म्हणजे "हात वर करा," "श्वास सोडा," आणि "शुक्रवारी या." एकदा दुपारी तिने शिट्टी वाजवणाऱ्या किटलीला "आले, आले" म्हटलं आणि आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

लेक दूर होती. रविवारी तिचा फोन यायचा.

"आई, त्या घोडीचं काय केलंस?"

"काय करायचंय? आहे तिथे आहे."

"अगं, पण तू कधी तिचं तोंड तरी पाहिलंस का? विकून टाक. तुलाच तर डोळ्यासमोर नको होती."

"नकोच होती," शिवणबाई म्हणाली. आणि लेकीच्या तगाद्याने म्हणा, की घरात बसून भिंती मोजण्याचा कंटाळा आला म्हणून म्हणा, एक दिवस नवऱ्याच्याच मार्गावरच्या बसमध्ये बसून ती तबेल्याला निघाली. बस दुसराच माणूस चालवत होता. वळणावर तो फार जोरात वळला असं तिला वाटलं.

आता या आक्काचं सांगायला हवं. बाई दांडगी, पायात पुरुषी बूट, आवाज असा की चार खण पलीकडचा घोडा कान टवकारेल. वडिलांच्या माघारी तबेला तिनेच सांभाळला, लग्नबिग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सकाळी उठून पहिलं तोंड घोड्याचं बघायची सवय लागली. मग माणसाचं बघवेना." घोडे तिचे नव्हते, लोकांचे. दातांच्या डॉक्टरचा उंच काळा, शाळामास्तरणीची दोन तट्टं, असे दहा-पंधरा जणांचे. लोकांनी घोडे ठेवायचे आणि हिने सांभाळायचे, एवढाच व्यवहार. पण आक्काचं तेवढ्यावर भागत नसे. मास्तरणीला ताप आला की तट्टांचं सगळं हीच करणार, वर डबा घेऊन तिच्या दारात. डॉक्टर चार दिवस फिरकला नाही की त्याला फोन: "काळा विचारतोय, बरे आहात ना?" तिच्याकडे घोडे ठेवायला आलेले लोक हळूहळू स्वतःच येऊन बसायला लागत. कोंडा भिजवायच्या खोलीत शेगडीभोवती चार-पाच स्टुलं असत आणि ती रिकामी क्वचितच. "तबेला चालवताय की पाळणाघर?" असं नालबंद तिला विचारायचा.

तबेल्याचा एक नियम मात्र कडक होता. त्या खोलीच्या भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या, प्रत्येक घोड्याच्या माणसाची एक. तिथे त्याचा ब्रश, लगाम, जुना कोट, काय असेल ते टांगलेलं. ज्याची खुंटी त्याची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, खुद्द आक्कानेही नाही. माणूस परगावी गेला, आजारी पडला, नाहीसा झाला, तरी त्याचं किंवा त्याच्या घरचं कुणी येऊन उतरवेपर्यंत ते तसंच राहायचं.

शिवणबाई आली तेव्हा आक्काने ना सांत्वन केलं ना डोळ्यांना पदर लावला. स्टूल पुढे सरकवलं, कपात चहा ओतला.

"घोडीला गिऱ्हाईक बघा," शिवणबाई म्हणाली.

"बघते की," आक्का म्हणाली. "घाईचं काम नाही ते. चांगलं माणूस मिळायला हवं. तोवर वहिनी, या झुली बघता का जरा? थंडी आली आणि सगळ्या उसवल्यात. माझ्या हातून सुई धरवत नाही."

घोड्यांच्या पाठीवर घालायच्या जाडजूड झुली होत्या त्या, गोधडीच्या आजीसारख्या. शिवणबाईने एक उलटी केली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "हे टाके कुणी घातलेत?"

"मीच."

"दिसतंय. तारेने बांधल्यासारखे."

अशी ती यायला लागली. दुपारी यायची, शेगडीशी बसून झुली शिवायची, आणि दाणापाण्याच्या आधी, शेवटची बस चुकू नये म्हणून, निघायची. शेवटच्या खणातल्या बदामी घोडीकडे ती गेली नाही. लांबून एकदा पाहिली. घोडीनेही मान वळवून तिला पाहिलं. दोघींनीही ओळख दाखवली नाही.

नवऱ्याचा कोट मात्र समोरच होता, खुंटीवर. जुना, तपकिरी, खिसा लोंबलेला, अस्तर फाटून खाली आलेलं, बाह्या तेलकट काळ्या. पहिले काही दिवस तिने नजर टाळली. मग तिच्यातली शिंपीण जागी झाली. शेगडीशी मास्तरणी बसणार, डॉक्टर बसणार, सगळे हा कोट बघणार. शिवणाऱ्या बाईचा नवरा, आणि त्याच्या कोटाची ही दशा? दिव्याखाली अंधार तो हाच, असंच म्हणतील. एक दिवस निघताना तिने तो उतरवला आणि घडी घातली.

आक्का बादली घेऊन दारातून आत येत होती. ती जागीच थांबली.

"नेताय?"

"नेते. लाज वाटते बघून."

आक्काने बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तुमची खुंटी आहे, वहिनी," ती म्हणाली. "मी कोण सांगणारी."

शिवणबाईने त्या कोटावर आपली सगळी विद्या लावली. टबात भिजवला, पाणी काळं झालं, फेकलं, पुन्हा भिजवला. साबण लावून घासला, पाणी नितळ येईपर्यंत पिळला. नवं अस्तर घातलं, खिसा बसवला, बटणं बदलली, इस्त्री केली. मरणानंतर नवऱ्यासाठी करायला काहीतरी सापडलं होतं, म्हणून ती दोन दिवस जवळजवळ आनंदात होती. कोट पुन्हा खुंटीवर टांगला तेव्हा आक्काने तो लांबूनच पाहिला.

"नवरदेवाचा दिसतोय," ती म्हणाली.

त्यानंतर घोडीचं बिनसलं. आधी कोंडा टाकायला लागली, मग ओटही. दिवसभर खणाच्या दाराशी रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि गवताच्या चार काड्या चघळल्या तर चघळल्या. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. दात बघितले, पोटाला कान लावला. रोग काही नाही म्हणाला, पण असंच चाललं तर कठीण आहे, हेही म्हणाला.

"हवा बदलली, त्याने असेल," आक्का शिवणबाईला म्हणाली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "या वेळचं गवतच बेचव आहे." बाकीचे घोडे तेच गवत मिटक्या मारत खात होते.

घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या. लेक फोनवर म्हणाली, "आई, आता तर लवकर काढ. मेली तर?" शिवणबाईने फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की ‘मेली तर’ हे शब्द छातीत काट्यासारखे अडकलेत. ही घोडी गेली की त्या माणसाची संध्याकाळ कशी असायची हे जाणणारं जगात कुणीच राहणार नव्हतं. बायकोला तरी कुठे ठाऊक होतं? तिला फक्त टबातले कपडे ठाऊक होते.

नालबंद नाल बदलायला आला त्या दिवशी सगळं उघडं पडलं. हा माणूस खिळ्यांइतकंच बोलणं ठोकणारा. घोडीचा पाय मांडीवर घेऊन त्याने वर पाहिलं.

"आक्का, ही तर निम्मी झाली. आणि तुमचा तो कोट कुठाय? हल्ली घालत नाही का?"

"हात चालव," आक्का म्हणाली. "तोंड आपोआप बंद होईल."

"कुठला कोट?" शिवणबाईने विचारलं. ती दाराशी झूल घेऊन उभी होती.

नालबंदाला आक्काचे डोळे दिसले नाहीत, किंवा दिसूनही कळले नाहीत. "अहो, ड्रायव्हरसाहेबांचा. ते गेल्यापासून ही दाण्याला तोंडच लावत नव्हती ना. मग आक्का रोज संध्याकाळी त्यांचा कोट चढवून यायच्या. वर त्यांच्यासारखं खोकायच्या, तोंडाने बसचा भोंगा वाजवायच्या. पोंऽप! मी एकदा पाहिलं, म्हटलं, आक्का, हे काय सोंग? उन्हाळ्यात घामाने निथळत होत्या. पण घोडी वास घ्यायची आणि खायची. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावणाऱ्याचे हात तोडीन म्हणणारी बाई, आणि स्वतःच..."

"झालं तुझं?" आक्का म्हणाली.

नालबंदाने कोट पाहिला. खोलीच्या उघड्या दारातून तो दिसत होता, स्वच्छ, कडक, बटणं चमकणारी. मग त्याने शिवणबाईकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडातला खिळा खाली पडला.

घोडीने शेपूट हलवली एवढंच.

"मला सांगितलं का नाही, आक्का?"

"काय सांगू? नवऱ्याचा कोट धुऊ नका, असं? तुमच्या नवऱ्याचा, तुमच्या खुंटीवरचा?" आक्काचा दांडगा आवाज एवढासा झाला होता. "मायेने केलंत तुम्ही. त्याला चूक कशी म्हणायची?"

"मी म्हणते. घोडचूक म्हणतात ती हीच असेल."

नालबंदाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

आक्का जवळ आली. "वहिनी, घरी त्यांचं दुसरं काही आहे का? न धुतलेलं?"

"नाही," शिवणबाई पटकन म्हणाली. "सगळं धुतलं मी. तुम्हाला माहीतच आहे माझं."

आक्काने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा न विचारणं, हे फार थोड्यांना जमतं.

बसमध्ये शिवणबाई खिडकीशी बसली. अभ्र्याचं कुणाला काय कळणार होतं? तो तिचा होता. संसारात नवऱ्याच्या सगळ्या संध्याकाळी त्या घोडीने नेल्या. हसणं नेलं, बोलणं नेलं. उरली ती झोप, तेवढी बायकोच्या वाट्याला. आता तीही द्यायची? देणाऱ्याने देत जावं म्हणतात, पण घेणारीचं नाव सवत असेल तर?

घरी येऊन तिने दिवा न लावता उशी जवळ घेतली. वास पूर्वीइतका नव्हता. रोज थोडा थोडा ती स्वतःच संपवत होती, हे तिला आतापर्यंत कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं. आणि तिकडे ती मुकी, दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघणारी. हिला निदान सांगायला कुणी होतं की तो गेला. तिला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिल्या बसने जाऊन ती कोट घेऊन आली. आक्का अंगणात होती, तिने नुसता हात वर केला. घरी शिवणबाईने कोटाचं नवं अस्तर उसवलं. अभ्रा काढला. कात्री हातात घेतली तेव्हा मनात आलं, अर्धा आपल्याला ठेवावा. पण कापड अर्धं केलं की वास अर्धा होतो की दोन्हीकडचा जातो, हे कुठल्याच शिवणक्लासात शिकवत नाहीत. तिने तो कडेच्या शिवणीवर उसवला, पूर्ण उलगडला, आणि छातीपासून कॉलरपर्यंत आतून बसवला. मशीनवर नाही, हाताने, लांब लांब सैल टाक्यांनी, जितका कमी हात लागेल तितका बरा म्हणून. आयुष्यात इतकं गचाळ शिवण तिने केलं नव्हतं. आक्काचे टाके बरे.

दुपारी ती पोचली तेव्हा आक्का कोंडा भिजवत होती. कोट उघडा झाला आणि आतली निळी फुलं दिसली. आक्काने ती पाहिली. उशीचा अभ्रा ओळखायला काही फार अक्कल लागत नाही. तिने बादली पुढे केली.

"तुम्ही घाला ना," शिवणबाई म्हणाली. "तुमची सवय आहे तिला."

"मला आता तो होणार नाही."

"कालपर्यंत होत होता की."

"काल तो कोट होता," आक्का म्हणाली. "चला. मी दाराशी आहे. लाथ मारत नाही ती. मारली तर मी तिला मारीन."

शिवणबाईने अंगावरच्या शालीवरूनच कोट चढवला. बाह्या हातांच्या पुढे लोंबल्या. खणाचं दार आक्काने उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सवतीच्या घरात शिरली. घोडी जवळून केवढी मोठी होती. शिवणबाईला खोकता आलं नाही, भोंगा तर नाहीच. ती नुसती उभी राहिली.

घोडीने मान वळवली. आधी बाहीला नाक लावलं आणि फुरफुरली, साबणाचा वास आवडला नसावा. मग नाक वर आलं, कोटाच्या उघड्या बटणांमधून आत शिरलं आणि छातीशी थांबलं. तिथे तिने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला, इतका खोल की शिवणबाईला आपल्याच फासळ्या हलल्यासारख्या वाटल्या. एवढं जड डोकं तिने तसंच टेकून ठेवलं. कुणी अंगावर असं वजन टाकून किती काळ झाला होता.

"हो गं," शिवणबाई म्हणाली. "गेले ते. मला पण सांगून नाही गेले."

दाराशी आक्का पाठ फिरवून उभी होती, रस्त्यावर काहीतरी फार बघण्यासारखं असल्यागत.

घोडीने बादलीत तोंड घातलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. ती सावकाश खात होती, मध्येच थांबून कोटाशी नाक आणून खात्री करत होती. शेवटची बस केव्हाच गेली होती. आक्काने आपल्या जुन्या व्हॅनमधून शिवणबाईला घरी सोडलं. दारात उतरताना आक्का म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळी न्यायला मी येत जाईन, आणि सोडत जाईन. माझं पेट्रोल काही तुमच्या बापाचं नाही, तेव्हा संकोच नको."

रविवारी लेकीने विचारलं, "मिळालं का गिऱ्हाईक?"

"आक्का म्हणते, चांगलं माणूस मिळालंय."

"कोण?"

"आहे एक शिंपीण. अनुभव काही नाही, पण वेळ भरपूर आहे."

लेक हळूच हसली.

उन्हाळा लागेपर्यंत कोटातला वास उडून गेला. शिवणबाईने एकदा एकटीने नाक घालून पाहिलं तेव्हा आत फक्त कापूस आणि घोडी होती. त्या संध्याकाळी घोडीनेही छातीशी नाक आणलं, थांबली, आणि मग शिवणबाईच्या तळहातावरचं गाजर खायला लागली. शिवणबाईला बरं वाटलं आणि वाईटही, तेवढंच. कोट तिने खुंटीवर टांगला. तो अजून तिथेच आहे. आक्काने त्याला हात लावलेला नाही.

घर होतं तसंच आहे. किटली शिट्टी वाजवते, दोन कपांतला एक उपडा असतो, रविवारी फोन येतो. त्या उशीला आता पांढरा, धुतलेला अभ्रा आहे, आणि शिवणबाई पुन्हा आपल्या बाजूला झोपते. झोप लागते कधी, नाही लागत कधी.

फक्त एक झालं आहे. त्या पहिल्या संध्याकाळी व्हॅनमधून उतरून ती दारात आली, सवयीने अंगावरची शाल काढली आणि टबाशी वाकली. शालीला गवताचा, घामाचा, चामड्याचा वास येत होता. इतकी वर्षं दाराशीच अडवलेला. ती तशीच वाकून उभी राहिली. मग तिने शाल तशीच घरात नेली आणि पलंगाच्या कठड्यावर पसरली.